पाचवा खेटा आणि आठची गोळी

माघातल्या पाच रविवारी कोल्हापुरातून अनवाणी चालत जोतिबाला जायचं, याला आमच्याकडे खेटे घालणं म्हणतात. मी जाणार म्हटल्यावर डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. दोन वर्षांपूर्वी मुंबईत मला दादाची किडनी बसवली. ‘शरीराला ती परकीच वाटते. गोळी चुकवलीत तर शरीर तिला हाकलायला बघेल,’ हे त्यांचं वाक्य मला पाठ आहे. शिवाय गर्दी नको, जखम नको. मी म्हटलं, बूट घालते, नाकाला रुमाल बांधते, पण जाते. आजारी म्हणून घरात बसायला मी किडनी घेतलेली नाही.

चार खेटे छान झाले. तुम्हाला जायचं असेल तर पहाटे पाचला पंचगंगेच्या घाटावरून निघा. वडणग्यापर्यंत सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. निगव्याजवळ गुऱ्हाळं लागतात. ताजा गूळ मागितला की हातावर ठेवतात, पैसे घेत नाहीत. कुशिऱ्यापासून चढ. तिथे चहा बरा मिळतो. माझ्या बुटांवर दर रविवारी कुणीतरी बोलायचंच.

“ताई, देवाला बूट घालून?”

“देवानं विचारलं की सांगीन,” मी म्हणायचे. गोळ्यांनी माझं तोंड भाकरीसारखं फुगलंय, त्यामुळे ‘तब्येत सुधारली की!’ हेही ऐकायचं.

कुशिऱ्यात आठला केळं खायचं आणि गोळ्या घ्यायच्या, हा माझा शिरस्ता. पाचव्या रविवारी पिशवीत हात घातला, तर केळं होतं, डबी नव्हती. तिच्या जागी अंगाऱ्याची पुडी.

दादा बरोबर होता. त्यानं डोंगराकडे तोंड फिरवलं.

“आत्तीनं काढून देवघरात ठेवलीया,” तो म्हणाला. आत्ती म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. मला तिनंच वाढवलं. “तू वाटंत खातीस ते तिच्यापुढं माझ्या तोंडातनं निघून गेलं. ऑपरेशनच्या येळी तिनं नवस बोललाय, पोरगी उपाशीपोटी पाच खेटे घालील म्हणून. गोळीसाठीच खाती, गोळी नसली की खानार न्हाई, शेवटचा तरी खरा होऊ दे म्हणाली. मलाबी वाटलं, एका दिवसानं काय हुतंय?”

मला इतका राग आला की केळं तसंच पिशवीत फेकलं.

“आता दोन तासाची वाट ऱ्हायलीया,” तो अजिजीनं म्हणाला. “अर्ध्यातनं फिरलं तर खेटा मोडतोय. किडनी म्याच दिली न्हवं? तुझं वाईट चिंतीन व्हय?”

“दिलीस न्हवं? मग आता ती माझी हाय. फीर मागं.”

लोक ‘चांगभलं’ म्हणत वर चढत होते आणि आम्ही दोघं उलटे उतरत होतो. सगळे वळून बघत होते. बघू देत! एका दुधाच्या गाडीवाल्यानं कॅनच्या मध्ये जागा करून दिली. साडेनवाला घरी पोचलो.

आत्ती दारातच. “खेटा मोडलास?”

“मोडला. किडनी शाबूत हाय.”

उभ्या उभ्या दशमी खाल्ली, गोळ्या घेतल्या. आत्ती पदरात तोंड घालून रडली. म्हणाली, “देवानं तुला परत दिलीया गं, त्याला इसरू कशी?” मलाही रडू आलं. तिची माया खोटी नव्हती, पण तिच्या नवसासाठी मी मरणार नव्हते.

दुपारच्या एस.टी.नं तिला घेऊन डोंगरावर गेले. भरल्या पोटानं, बूट बाहेर काढून, रुमाल बांधून देवापुढे उभी राहिले. आत्ती म्हणाली, पुजाऱ्याला विचार, चालतंय का. मी विचारलं नाही. इतकं शांत मला ऑपरेशननंतर पहिल्यांदाच वाटलं.

डबी आता देवघरातच असते. जागा आत्तीची, वेळ माझी. सकाळी दिवा लावते, खाते, गोळी घेते. आत्ती अजून कुरकुरते: पाचवा ऱ्हायला, औंदाचे समदे फुकट, पुढच्या माघात पुन्ना पाच घालाय लागतील.

घालीन की. त्यासाठी पुढच्या माघात मी असायला हवी. आज आठची गोळी घेतली आहे.