वामननानांनी ऐकलेला माझा अल्बम

वामननाना कोणताही अल्बम मध्येच बंद करत नसत. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. फाटका कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, काढायचा, नवा चिकटवायचा आणि त्याचा गोंद वाळेपर्यंत आधी तयार झालेल्या स्पीकरवर एक अख्खा अल्बम ऐकायचा, ही त्यांची पद्धत. तोही इंग्रजी, रॉक नाहीतर पॉप. आपली गाणी का लावत नाही, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"वळखीच्या गाण्यात कान आपल्या मनानं भर घालतो, मास्तर. स्पीकर फाटका असला तरी गोड लागतं. तपासायला अनोळखीच गाणं पायजे."

तपासता तपासता त्यांना त्याचा नाद लागला. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण शेवटचं गाणं संपलं की निकाल हजर. मी मोठ्या कौतुकानं नेलेल्या एका रॉक अल्बमवर ते म्हणाले, "ह्या गड्याचं काहीच दुखून न्हाई राहिलं. उगाच बोंबलून राहिला." जगभर खपलेल्या पॉप अल्बमला म्हणाले, "दहा गाणी कशाची? एकच हाय, कपडे बदलून दहादा आलं." मी चिडायचो. भाषा येत नाही तर खरंखोटं कसं कळतं, असं एकदा विचारलंच. "माणूस खोटं बोलून राहिला, हे कळायला भाषा काहून पायजे?"

मी कळमनुरीला शाळेत शिकवतो. तीन उन्हाळी सुट्ट्या खर्ची घालून मी स्वतःचा आठ गाण्यांचा रॉक अल्बम केला. घरचे, शाळेतले, सगळेच वाहवा करत होते, म्हणून त्यातल्या कोणावर माझा विश्वास नव्हता. नाना बरा म्हणाले तर लोकांपुढे ठेवायचा, नाहीतर गिटार विकून मोकळं व्हायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

नानांनी माझा पेनड्राइव्ह लावला, खोक्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. वरच्या छोट्या स्पीकरची तार सुटून टेबलावर पडली होती. माझा आवाज, गिटार, काहीच येत नव्हतं. खालच्या मोठ्या स्पीकरमधून नुसतं धुमधुम. मला वाटलं, आता ओरडतील. दुसरं गाणं सुरू झालं, तिसरं झालं. आठही गाणी नानांनी तशीच ऐकली.

"बराबर हाय, मास्तर. एक बी गाणं काढू नका."

"आणि माझा आवाज?"

"आवाज तर लईच साफ."

शेजारी तारा सोलत बसलेल्या शांताकाकूंनी, नानांच्या बायकोनं, माझ्याकडे बघून मान हलवली: बोलू नका. मग रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. "वरीस झालं, त्यांना ऐकू येत न्हाई. समोरून बोललं की ओठावरून वळखतात. गिऱ्हाइकाचे स्पीकर मीच ऐकून देते. तुमी काही म्हणू नका, नाहीतर ते दुकानात बसायचे न्हाईत." मी बरं म्हणालो. एसटीत बसलो, घरी येऊन जेवलो, दुसऱ्या दिवशी मुलांना भागाकार शिकवला. वाईट वाटायला हवं होतं, हे कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं.

नाना या हिवाळ्यात गेले. मला रडू आलं नाही, याची लाज वाटते. घरी भेटायला गेलो तेव्हा बाजारातले तिघेचौघे माझ्याभोवती आले. "नाना समद्यांना सांगायचे, मास्तर. जल्मात एकच अल्बम पुरा बराबर ऐकला, तुमचा. आमाला कवा ऐकवता?"

काकू खाली बघत होत्या. "ऐकवतो," मी म्हणालो.

अजून कोणालाच ऐकवलेला नाही. तो चांगला आहे की टाकाऊ, हे मला ज्यांच्याकडून ऐकायचं होतं, त्यांनी तो कधी ऐकलाच नाही.