बाळंतिणीचे निवटे

कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात कोणी बाळंत झालं की पाचवी पुजायच्या आधी काळुरामला निरोप जायचा. त्याने निवटे आणायचे. निवटा म्हणजे चिखलात टुणटुण उड्या मारणारा बोटाएवढा मासा. त्याचं पातळ कालवण पोटात गेलं की आईला दूध उतरतं, असं वाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. आणि निवटे आणावेत तर काळुरामनेच. ओहोटीला मांडीभर चिखलात उतरायचं, बिळाच्या एका तोंडावर पाय दाबायचा, दुसऱ्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घालायचा. येरागबाळ्याचं कामच नव्हे ते. शिवाय बाळंतिणीच्या ताटाला जाणारा मासा त्याने कधी विकला नाही, नुसता दिला.

माणूस तसा तिरसट, पण त्याच्या नाकापुढे सगळा वाडा मान तुकवायचा. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, बोईट माशाला रॉकेलचा वास मारायला लागला, तेव्हा बाकीच्यांनी मासे चिंचेच्या पाण्यात धुऊन गुपचूप बाजारात नेले. या पठ्ठ्याने भरलेली टोपली परत खाडीत उलटी केली आणि वर सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ज्याला वास, तो टाकायचा. ज्याला वास नाही, तो बिनघोर खायचा, एवढंच त्याचं शास्त्र. तिवरांच्या झाडीमागे खाडीचं एक आतलं वळण त्याने हेरून ठेवलेलं. पाणी संथ, वरून नितळ, आणि निवटे असे जाडजूड की हातात मावू नयेत. ती जागा त्याने सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी कृतिका, डोंबिवलीला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. नवस झाले, डॉक्टर झाले, आणि शेवटी यंदा मुलगी झाली. बाळंतपणाला ती माहेरी आली, पण दूध काही उतरेना. पोर रडून रडून काळीनिळी व्हायची. मग काय, काळुराम प्रत्येक ओहोटीला खाडीत. त्याची बायको आवडाबाई निवट्यांना राख चोळून बुळबुळ काढायची, कालवण करायची. काळुराम ते आधी स्वतः चाखायचा आणि मगच वाटी लेकीपुढे सरकवायचा. आठवड्याभरात दूध आलं. पोर पोटभर पिऊन झोपायला लागली. काळुराम अंगणात जाळं विणता विणता चक्क गुणगुणायला लागला, आणि आवडाबाईला हसू आवरेना.

त्याच दिवसांत योगिनी नावाची एक कॉलेजातली मुलगी खाडीतले मासे तपासायला गोळा करत होती. काळुरामने तिला होडीतून सगळीकडे फिरवलं. सगळी खाडी नासली, असं ती लिहील या धास्तीने त्याने आतल्या वळणातले मूठभर निवटेही तिच्या डब्यात टाकले. म्हणाला, "हा बघ आमचा खरा माल."

महिना उलटला आणि ती परत आली. धक्क्यावर उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, सगळ्यात वाईट तुमच्या आतल्या वळणातलेच निघाले. शिसं आहे त्यांत, बरंच."

"वास नाय त्याला," काळुराम म्हणाला.

"शिशाला वास नसतो, काका. चवही नसते. ते गाळात बसतं, आणि निवट्याचा जन्मच गाळात."

पाणी जिथे थांबतं तिथे गाळ बसतो, हे काळुरामला तिने सांगायची गरज नव्हती. ते तो पोरवयापासून बघत आला होता. त्याच गाळावर निवटे पोसलेले, आणि तेच त्याने वेचून वेचून घरी नेलेले.

"बाळंतिणीने खाल्ले तर?" त्याने विचारलं.

योगिनी म्हणाली, दुधातून थोडं बाळाला जातं, मेंदूच्या वाढीला ते बाधतं. निवटे आजच बंद करा, डॉक्टरांना दाखवा, पण दूध तोडू नका, त्याचा फायदा जास्त.

सांगावं की गिळावं, असं त्याला घरी येईपर्यंत होत होतं. शेवटी त्याने सांगितलं. कृतिका पोरीला पाजत होती. तिने ऐकलं आणि विचारलं, "पण बाबा, तुम्ही चांगले बघूनच आणलेले ना?" आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीला छातीपासून सोडवलं आणि आईकडे दिलं.

डॉक्टरांनी दोघींचं रक्त घेतलं, आणि पाजत राहा असंच सांगितलं. कृतिका ऐकेना. आवडाबाई डब्यातलं दूध बाटलीत कालवायला लागली. पोर बाटली थुंकायची, आक्रोश करायची, आणि आत कृतिका दूध मोरीत पिळून टाकायची. छाती दगड होऊन तिला ताप भरला. काळुरामला तिच्याकडे बघवेना, तो दिवसभर अंगणात बसून राहायचा.

तिथेच एका सकाळी शेजारची शालू आली, हातात पातेलं घेऊन.

"काळूदादा, धाकट्याच्या बायकोला मुलगा झाला. आजच्या ओहोटीला आण की निवटे."

"आता नाय आणत मी."

"व्वा रे! लेकीला आणलेस, आमची सून काय परकी?"

मग त्याने शिशाचं, गाळाचं, दुधाचं, सगळं सांगितलं. शालूने हात झटकला. "कॉलेजातल्या पोरी काय, कायपन बोलतात. आपण काय मेलो? माजा गुरुदत्त तुज्याच निवट्यांवर पोसला. पुरा महिना आणून देत होतास, विसरलास?"

गुरुदत्त तिचा थोरला, तिशीचा. देवळाच्या ओट्यावर दिवसभर बसून असतो. आईला आई म्हणतो, बाकी कुणाला काहीच म्हणत नाही. कुणी म्हणायचं नजर लागली, कुणी म्हणायचं जन्मतःच तसा. डॉक्टरांनाही कारण सापडलं नव्हतं. ते निवट्यांमुळे झालं असं कुणीच सांगू शकणार नाही, आणि नाही झालं असंही कुणी सांगणार नाही.

शालू पातेलं त्याच्या पायाशी ठेवून निघून गेली. काळुराम वाड्यातली एकेक बाळंतीण आठवत बसला. त्याची आठवण पक्की, आणि एकही घर सुटत नव्हतं.