नणंदेनं भरलेलं पान

अगं पोरी, इकडे ये बघू. कागदातून कशी जवळ येणार म्हणा, पण कान तरी मावशीकडे कर. आणि आधी बोलणी खा. त्या दिवशी फोनवर माझ्या नणंदेला केवढ्यांदा ओरडलीस! उधवा गावची बाई ती, गोधड्या शिवण्यात जन्म गेला तिचा. तिला कोणी "अहो, काय केलंत हे!" असं म्हणतं का?

आता नीट ऐक. तू नोकरीपायी देशोदेशी फिरतेस आणि तिथल्या बायकांच्या हातचं कापड मला धाडतेस. घोलवडचं आमचं घर त्यामुळे ओळखू येईना झालंय. पेरू देशातल्या डोंगरातली पट्ट्यापट्ट्यांची लोकरी चादर दिवाणावर. तुझ्या काकांनी ती आल्या दिवशीच चिकूच्या खोक्यांवर टाकली होती, ऊन लागतंय म्हणून! आफ्रिकेतलं निळं कापड स्वयंपाकघराच्या दाराला, आणि पुढच्या खोलीत भिंतभर उझबेकिस्तानचं भरतकाम, ही मोठाली लाल फुलं. शेजारीण विचारते, "काकी, घर आहे का विमानतळ?"

भाताची झोडणी आटपून नणंद राहायला आली. आमच्या बायका कापड बघतात ते आधी उलटून. हिनं तर ते लाल फुलांचं भिंतीवरून उतरवून मांडीवरच घेतलं.

"वयनी, हात आहे हो हिला! मागे एक गाठ दिसत नाही." मग एकदम च्‌ च्‌ करायला लागली. "पण हे पान राहिलं बघ बिचारीचं."

खरंच, एका कोपऱ्यात एका पानाची नुसती रेघ होती. आत दोराच नाही.

"दोरा संपला असेल, नाहीतर पोर रडलं असेल," तीच म्हणाली.

आमच्यात शिवण अर्धं टाकून बाई उठत नाही. उठली तर सासू राहिली बाजूला, अख्खा पाडा बोलतो. मी चिकू निवडायला बाहेर गेले नि परत येऊन बघते तर पान भरलेलं! पिशवीतला हिरवा दोरा काढून बसली होती बाई. मी कौतुकानं कापड परत भिंतीवर चढवलं आणि संध्याकाळी हे सांगायला तुला व्हिडिओ लावला. पुढचं तुला ठाऊकच आहे.

तूच सांगितलंस, तिकडे म्हणे आई लेकीच्या लग्नासाठी असं कापड भरते, नि एखादं पान मुद्दाम सोडते, लेकीचा संसार पुढे चालू राहावा म्हणून. हे ऐकून नणंदेचा चेहरा उतरला. तुझ्या ओरडण्यानं नाही गं, त्या पोरीच्या काळजीनं.

"वयनी, कुणाचा चालता संसार मी शिवून बंद केला!"

"अगं, विकायलाच केलं असेल ते."

"विकायला केलं म्हणून काय, भरताना आईच्या मनात लेक येत नाही?"

चहा तसाच ठेवून तिनं कात्री घेतली, पान उसवायला. आणि खरी गंमत तिथं झाली. पान सापडेना! मी कापड टांगताना वरचं खाली केलेलं, चारही कोपरे सारखे, नि पानं तर सगळी एकाच हातची वाटावीत अशी. उलटून बघितलं, चष्मा बदलून बघितलं.

"स्वतःचं काम सापडत नाही होय?" मी म्हटलं.

तिनं डोळे वटारले, पण गालातल्या गालात हसलीसुद्धा. मग लगेच कात्री खाली ठेवली. "चुकून त्या आईचंच पान उसवलं तर?"

तू कापड घेतानाचा फोटो पाठवलास, पण त्यात ते पान तिळाएवढं, कुठलं ते कळत नाही. तिचे मालक रोज उधव्याहून फोन करतात, "भात भरायचाय, येतेस कधी?" ही म्हणते, "पान सापडलं की."

कापड घेताना ते विकणाऱ्या बाईनं तुला बोट ठेवून ते पान दाखवलं होतं ना? मग तूच ये बाई. स्टेशनवर काकांना पाठवते. चिकू पिकायला घातलेत, तेही खाशील. पण घरात पाऊल टाकलंस की आधी भिंतीकडे जा आणि पानावर बोट ठेव. लवकर ये गं, नणंद कात्री उशाशी घेऊन निजते.