बंबकाकांचे मौन

आमच्या नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये काल एक चकचकीत सूचनापत्र लागले. दिवाळी तोंडावर आली आहे, सबब रहिवाशांनी कोणकोणती दक्षता घ्यावी, याचे ते निवेदन. पणत्या विजेच्याच लावाव्यात. दारापुढे रांगोळी काढू नये. काढल्यास व तीवरून कोणी घसरल्यास जबाबदारी काढणाऱ्याची राहील. फराळ तळताना स्वयंपाकघराचे दार बंद ठेवावे, कारण तळणीच्या धुराने छतातला भोंगा वाजतो. आणि शेजाऱ्यांस फराळ देताना त्यात शेंगदाणे असल्यास तशी पूर्वकल्पना द्यावी. चिवड्यात शेंगदाणे आहेत ही गोष्ट गिरगावात पूर्वकल्पनेने कळवावी लागावी, हे वाचून मी एकटाच लिफ्टमध्ये हसत राहिलो. मग मधल्या कुठल्याशा मजल्यावर दार उघडले, कोणी आत आले नाही, पण भाजणीच्या चकलीचा खमंग, किंचित करपट वास तेवढा आत शिरला. कोणीतरी नियम मोडून दार उघडे ठेवून तळीत होते. माझे हसू ओठांवरच थांबले आणि मन एका माणसाकडे गेले, ज्याने ह्याच जागेवर, आमच्या जुन्या चाळीत, ह्याहून लांब सूचनापत्रे लिहविली होती. लिहविली म्हणतो, कारण लिहिणारा मी होतो.

मी व्यवसायाने अर्जनवीस. कोर्टाच्या फाटकाबाहेर झाडाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज, विनंत्या आणि गाऱ्हाणी योग्य भाषेत मांडून देणे, हे माझे काम. शाळेचा आणि माझा संबंध मॅट्रिकच्या अलीकडेच संपला. परंतु भाषा ही शाळेत मिळते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. भल्याभल्या पदवीधरांनी माझ्या टेबलापाशी उभे राहून 'काहीतरी वजनदार घाला' अशी विनवणी केलेली आहे. त्यामुळे चाळीत कुठलाही फलक लिहायचा झाला की लोक माझ्याच दारी येत, आणि त्यात पहिला मान आमच्या शेजारच्या काकांचा असे.

काका आगविम्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी आयुष्यात एकही आग प्रत्यक्ष पाहिली नव्हती. वाचल्या मात्र असंख्य. लोकांची घरे, दुकाने, गोदामे कशी जळाली, याचे कागद तपासण्यात त्यांची उमर गेली होती, आणि त्या वाचनाचा परिणाम असा की जगातली प्रत्येक वस्तू त्यांना जळण्याच्या बेतात असलेली दिसे. पोरांनी त्यांना बंबकाका हे नाव ठेवले होते. आगीचा बंब जसा घंटा वाजवीत येतो, तसे काका गॅलरीतून सूचना देत येत, आणि दिवाळीत तर ही घंटा थांबतच नसे.

वसुबारसेच्या सुमारास काका कोरा पुठ्ठा घेऊन येत आणि माझ्या खाटेवर बसून सांगू लागत.

"लिही. फुलबाजी विझली की तिची तार पाण्याच्या बादलीत टाकावी."

मी लिहिले.

"बादली जिन्याच्या तोंडाशी ठेवली आहे."

तेही लिहिले.

"बादलीत पाय घालू नये."

"काका, बादलीत पाय कोण घालील?"

"गेल्या साली तूच घातलास."

"तेव्हा अंधार होता."

"म्हणूनच लिही, बादलीपाशी पणती ठेवण्यात आली आहे. आणि त्याच्या खाली लिही, सदर पणतीपासून लुगडी, धोतरे आणि लेंगे दूर ठेवावेत."

अशा रीतीने एका सूचनेच्या पोटी दुसरी जन्म घेई. फलक इतका लांबे की तो वाचायला माणसे जिन्यातच थबकत आणि वरून येणारी त्यांच्यावर आदळत. तेव्हा अखेरचे कलम मी स्वतःच्या जबाबदारीवर जोडले: 'हा फलक वाचण्यासाठी जिन्यात थांबू नये.' ते कलम मला आजही निर्दोष वाटते.

फलकावर काकांचे समाधान मात्र होत नसे. पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी ते दारोदार सांगत फिरत, की कारीट अंगठ्याने हळूच फोडा, टाच मारू नका, पाय तेलकट असतात, मोरीत आडवे व्हाल. सोऱ्या दाबणाऱ्या बायकांना ते मनगट सांभाळायला सांगत. तळमजल्यावरच्या एका फटकळ बाईने एकदा भर चौकातून वर हाक मारली होती, "काका, लाडू घशात अडकला तर काय करायचं, तेवढं राहिलं की हो फलकात!" सारी चाळ खिदळली. काका कठड्यावरून वाकून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "लाडू फोडून खायचा असतो." आणि ती बाई, मी पाहिले आहे, पुढे लाडू फोडूनच खाऊ लागली.

माणसाच्या काळजीला भाषा सापडत नाही, तेव्हा ती सूचनेचे रूप घेते असे मला वाटते. माझ्या टेबलाशी येणाऱ्या म्हाताऱ्या, परगावी राहणाऱ्या मुलाला पत्र लिहविताना, तुझी आठवण येते असे कधीच सांगत नसत. त्या सांगत, 'लिहा, गरम कपडे घाल म्हणावं.' मी आपल्या पदरचे चार वजनदार शब्द घालू पाही, तर त्या मान हलवीत, 'नको, एवढंच लिहा.'

काकांना एकच मुलगी. ती घोडपदेवला दिली, त्या वर्षाची ही हकीकत. लग्नातच काकांच्या स्वभावाने घोटाळा केला होता. होम पेटल्यावर त्यांनी भटजींना कुंड जरा मागे सरकवायला लावले, नवऱ्यामुलाचे उपरणे स्वतः आवरून त्याच्या कमरेला खोचले आणि मांडववाल्याला बोलावून झालर वर बांधून घेतली. व्याहीमंडळी पोट धरधरून हसली, आणि ते हसू लग्नानंतरही सरले नाही. दिवाळसणाचे आमंत्रण गेले तेव्हा मुलगी दोन दिवस आधीच माहेरी आली आणि सरळ माझ्या दारात उभी राहिली.

"दादा, बाबांना तुम्ही समजवा. तुमचं ऐकतात ते."

"काय झालं गं?"

"सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हिच्या बापानं होमावर पाणी तेवढं ओतायचं ठेवलं होतं. ह्यांनापण घरात चिडवतात, बंबाचा जावई म्हणून. पहिला सण आहे, दादा. हे इथून नीट आनंदानं परत गेले ना, तर माझं तिथलं राहणं सोपं होईल. बाबांनी ह्यांना काही बोलू नये, एवढंच. तीन दिवस."

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला शब्द दिला आणि काका फलकासाठी कोरा पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांना गाठले. सारी बाजू मुद्देसूदपणे मांडली. काकांनी ऐकून घेतले.

"एकही शब्द नाही बोलायचा?"

"एकही नाही."

"तो सुतळी बॉम्ब हातात पेटवून फेकतो म्हणे."

"पेटवू द्या."

काकांनी हातातला पुठ्ठा पुढे केला. मग म्हणाले, "फलक?"

"यंदा फलकही नको. जावई वाचतील, घरी जाऊन सांगतील."

"बरं," काका म्हणाले. "पोरीसाठी." आणि आणलेला कोरा पुठ्ठा त्यांनी तसाच काखेत मारून परत नेला.

ती दिवाळी मी विसरणार नाही. जावई आला, दणकट, मोकळ्या आवाजाचा, पिशवीभर फटाके घेऊन. चौकात त्याने बॉम्बचा धडाका लावला आणि वर गॅलरीत काका कठडा घट्ट धरून उभे. तोंड उघडत, पुन्हा मिटत. काकांच्या मौनाने चाळच धास्तावली. बायका एकमेकींना विचारू लागल्या, काकांना बरे नाही का? दरवर्षी ज्यांनी त्यांची टिंगल केली, त्यांनाच आता चुकल्यासारखे होऊ लागले. तळमजल्यावरची तीच फटकळ बाई आपल्या पोरावर ओरडली, "अरे, तोंड मागं घे मेल्या! काका बोलत नाहीत म्हणून काय झालं?" सूचना हवेत तरंगत होत्याच, फक्त त्यांचा धनी गप्प होता.

पाडव्याच्या दिवशी मात्र आकांत झाला. जावई रुसला. ताटावर बसेना, कोणाशी बोलेना, भिंतीकडे तोंड करून बसला. दिवाळसणाला जावयाने रुसून बसणे ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु तो रुसवा कशासाठी असतो हे सर्वांना ठाऊक असते. काकू मला दारात ओढून कुजबुजल्या, "अंगठी हलकी वाटली असेल का रे त्यांना?" आत चुलीपाशी मुलगी पदराने डोळे टिपीत होती. तिला वाटत होते, होते तेही संपले. काका कोपऱ्यात बसून होते. बोलायची बंदी असल्यामुळे त्यांना काय झाले हेही विचारता येत नव्हते. मध्यस्थी हा माझ्या व्यवसायाचाच भाग, तेव्हा मी जावयाला गॅलरीच्या टोकाला नेले.

"हे पाहा, आपले जे काही मागणे असेल ते निःसंकोच सांगा. मी ते योग्य शब्दांत पुढे मांडतो."

"मागणं-बिगणं काय नाय ओ दादा." तो कठड्याला टेकला. "मला एक सांगा, माझं काय चुकलं का?"

"असे का म्हणता?"

"लग्न झाल्यापासून ही सांगते, बाबा असे, बाबा तसे, अख्ख्या चाळीला ओरडतात. आल्यापासून बघतोय, मला एक शब्द नाय. काल मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन हातात बॉम्ब धरला. म्हटलं, आता ओरडतील. तर त्यांनी मान फिरवली." तो खाली चौकात पाहत राहिला. "म्हणजे मी परकाच ना? मेला तर मेला."

"अहो, तसे नव्हे..."

"माझा बाप मी बारका असताना गेला, दादा. पडशील, भाजेल, असं म्हणणारा घरात कोण मोठा बाप्या माणूसच नव्हता. लग्नात ह्यांनी माझं उपरणं खोचलं ना, तेव्हा म्हटलं, चला, आता आला कोणतरी. घरात मला बंबाचा जावई बोलतात. मला आवडतं ते."

वजनदार शब्दांची मला कधी वाण पडली नाही. त्या वेळी मात्र ते मी बाजूलाच ठेवले. मी तसाच मागे फिरलो आणि काकांपुढे जाऊन उभा राहिलो. तो काय म्हणाला ते जसेच्या तसे, एकही अलंकार न घालता, सर्वांसमक्ष सांगितले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती.

"बोला आता, काका," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

काका उठले. गॅलरीत जाऊन जावयासमोर उभे राहिले. गप्प राहून राहून त्यांचा आवाज बसला होता. एकदा खाकरले.

"जावईबापू, तो बॉम्ब हातात धरायचा नाही."

"नाय धरणार."

"धरायचा नाही म्हणजे नाही! बोटं जातात. मी कागद पाहिलेत."

"बरं, बाबा."

तोपर्यंत तो त्यांना सासरेबुवा म्हणत होता. काका क्षणभर अडखळले, आणि मग जे सुरू झाले ते थांबेना. वात लांब सोडावी. न पेटलेला फटाका उचलून पाहू नये. ही टेरिकॉटची विजार कसली घातलीत, ठिणगी पडली तर कातडीला चिकटेल, उद्यापासून सुती. जावई ताटावर बसला तरी काकांचे चालूच. बासुंदीची वाटी निवून गेली. "गरम असेल तर फुंकून घ्या," काका म्हणाले, आणि मुलगी इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या सणात तिला हसताना मी प्रथमच पाहिले.

संध्याकाळी ती दोघे निघाली. काका गॅलरीत उभे राहून सांगत होते. जिना उतरताना कठडा धरा. चौकात शेवाळ आहे, कडेने चला. बस पुरती थांबल्यावाचून चढू नका. खालून जावई दर वेळी वळून "हो बाबा, हो बाबा" म्हणत हात करी. वाडीच्या तोंडाशी ती वळली आणि रस्त्याच्या गर्दीत दिसेनाशी झाली. काका बोलतच होते. झोपण्यापूर्वी गॅस पाहून घ्या. कंदिलाचा दिवा रात्रभर ठेवू नका.

"काका, त्यांना आता ऐकू जात नाही," मी म्हणालो.

"ठाऊक आहे रे," काका म्हणाले, आणि पुढचे सांगू लागले.

काका गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. ऐकू न जाण्याइतक्या अंतरावर आज तेच आहेत, आणि इकडे उभे राहून त्यांना काय सांगावे ते मला सुचत नाही. लोकांच्या मनातले शब्दांत मांडण्यात माझे आयुष्य गेले; पण काही वाक्ये अशी असतात की ती आपण कोणाला म्हणायची नसतात, आपल्याला कोणी म्हणायची असतात. ती म्हणणारे एकेक करून निघून जातात. मग माणूस मनासारखा, हवा तसा वागू शकतो; आणि त्या मोकळेपणात त्याला फार एकटे वाटते.