मागणी नसलेली गल्ली

समस्त पिंपरी-चिंचवडकरांनो, हातातले चहाचे कप खाली ठेवा आणि मन घट्ट करा. बातमी गंभीर आहे. दापोडीतल्या आमच्या गल्लीला घरात इंटरनेट नको आहे! आम्हालाही हे ठाऊक नव्हतं. इंटरनेट कंपनीनेच कळवलं.

झालं असं की माझ्या मुलीला नोकरी लागली. चाकणच्या एका कारखान्याच्या ऑर्डरी घरी बसून सांभाळायच्या. अट एकच, पहिल्या दिवशी घरात वायरचं इंटरनेट हवं, मोबाइलवरचं चालणार नाही. मी अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्या भागात सेवा नाही.

माझा धाकटा भाऊ ताथवड्याला टॉवरमध्ये राहतो. तिथे तीन कंपन्यांची माणसं गिऱ्हाइकासाठी लिफ्टपाशी भांडतात. तो म्हणाला, "दादा, पाठव की तिला इकडं. हॉलमध्ये बसेल."

"नोकरी तिची आणि हॉल तुझा? जमणार नाही," मी म्हणालो, आणि तडक कंपनीचं ऑफिस गाठलं.

तिथल्या साहेबांनी संगणकात डोकावून पाहिलं. "काका, तिकडे मागणीच नाही. सर्व्हे झालाय आमचा. तुमच्याकडच्या लोकांचं मोबाइलवर भागतं."

भागतं! ताथवड्याला लागतं आणि आमचं भागतं? तो शब्द डोक्यात घेऊनच मी घरी परतलो.

गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच घरात मावशी राहतात. मूळच्या बीडच्या. दिवसभर उंबऱ्यात बसून त्या येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला परस्पर वाटेला लावतात. त्यासाठी गल्ली त्यांची ऋणी आहे. मला शंका आली.

"मावशी, इंटरनेटचं विचारायला कुणी आलं होतं?"

"आली व्हती एक. गळ्यात पट्टा, हातात मोबाइल. म्या म्हणलं, आमच्या गल्लीत कुणी काई घेत न्हाई, जा पुढं."

"अहो, ती विकायला नाही, नुसतं विचारायला आली होती!"

"विकणारे आधी विचारतातच की!"

मी मुलीच्या नोकरीचं आणि साहेबांच्या त्या 'भागतं'चं सांगितलं. मावशींनी उठून चपला घातल्या आणि त्या दारोदार फिरू लागल्या. ज्या तोंडाने गल्लीच्या वतीने नको म्हटलं, त्याच तोंडाने आता प्रत्येकाला हो म्हणायला लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसात आमची गल्ली मावेना. पहिल्या शिफ्टची माणसं कारखान्याच्या गणवेशातच आलेली, बायका पोळ्या उरकून आलेल्या. साहेब उभे राहिले. "एवढे सगळे कशाला आलात?"

मावशी पुढे झाल्या. "मागणी हाय ही. बघून घ्या. आन् आमचं भागतं म्हणलं कोण?"

साहेबांनी पुन्हा संगणकात तोंड घातलं. या वेळी तिथे आमची गल्ली सापडली.

मुलीच्या रुजू होण्याच्या आदल्या दिवशी खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि हातात शिडी घेतलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी उगवला. आम्ही सगळे घराबाहेर येऊन, एखादा मंत्री आल्यासारखे त्याच्याकडे बघत उभे. सवयीने मावशींचा हात वर गेला, तोंड उघडलं, "काई न..."

माझ्या मुलीने दारातून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मावशींनी उरलेला शब्द गिळला, त्या गर्रकन आमच्याकडे वळल्या आणि ओरडल्या, "मुडद्यांनो, बघत काय उभे, शिडी धरा की त्याची! पोरीची नोकरी घालवता का?"