टिलबरीचा शिक्का

डॉक्टर शशिधर गुप्ते जेटने विलायतेला आले, ही गोष्ट बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळींत ज्याने ऐकली नाही असा माणूस विरळा. गणपतीच्या आरतीनंतर, कुणाच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीत, एकदा तर चक्क एका मयतानंतरच्या चहाला त्यांनी ती सांगितली होती. सन त्रेसष्ट, सप्टेंबर महिना, सांताक्रूझ विमानतळ. पुण्याहून लॉरी करून तीस माणसं निरोपाला आलेली. हारांमुळे हनुवटी दिसेना. पेपरात फोटोसकट बातमी, 'डॉ. शशिधर गुप्ते यांचे जेट विमानाने विलायतेस प्रयाण'. मग विमानातले चकचकीत काटे-चमचे, पायाखालचे ढग, कैरोला उतरून प्यायलेली कॉफी. वीणाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे छप्पन्न वर्षं ऐकून इतकं पाठ झालं होतं की डॉक्टर मध्ये कुठे खोकणार हेही ठाऊक होतं.

वीणाताई स्वतः एकोणसत्तर साली हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून एकट्या आलेल्या. लग्न रेडिंगच्या रजिस्ट्रार ऑफिसात झालं. मंगलाष्टकं एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरने वहीत बघून म्हटली, मध्ये दोन पानं एकदम उलटली गेली, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. संसार मात्र नीट झाला. डॉक्टर कान-नाक-घशाचे, हाताला यश, स्वभावाने थोडे बढाईखोर पण मनाने सरळ. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन छंद धरले. एक टोमॅटो, दुसरा म्हातारी विमानं.

जवळच जुन्या विमानांचं एक छोटं म्युझियम आहे. तिथे डॉक्टर दर रविवारी व्हॉलंटियर गाईड. कॉमेट या जेटची कहाणी सांगावी तर त्यांनीच. बावन्न साली जगात पहिल्यांदा उतारू घेऊन उडालेलं हे जेट, चोपन्नमध्ये दोन विमानं समुद्रावर फुटली, तेव्हा फार्नबरोला एका विमानाचं अख्खं धूड पाण्याच्या टाकीत बुडवलं, आत दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा, असं हजारो वेळा केलं, तेव्हा कुठे एका खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला आणि कारण सापडलं. "तुम्ही पस्तीस हजार फुटांवर बसून सँडविच खाता ना, ते त्या टाकीच्या जिवावर," असं ते गोऱ्यांना ऐकवायचे. गोरे माना डोलवायचे.

आणि हाच माणूस इंग्लंडला आल्यापासून एकदाही भारतात गेला नव्हता.

कारण? कान. कानाचा पडदा फाटलाय म्हणे, हवेचा दाब सोसत नाही. आता कानाचाच डॉक्टर स्वतःच्या कानाबद्दल सांगतोय म्हटल्यावर तपासणार कोण, कपाळ? फ्रान्सला जायचं तर गाडी बोटीत घालून. पुण्याला वीणाताईच मुलींना घेऊन दोन वर्षांआड जायच्या आणि नवऱ्याच्या वाटणीचे टोमणेही त्याच खायच्या. साहेब झाला, आम्हांला विसरला, मडमेच्या देशात रमला. एकोणऐंशीत सासूबाई गेल्या तेव्हाही डॉक्टर गेले नाहीत. सुतक पाळलं, तीन दिवस जेवले नाहीत, पण गेले नाहीत. तेव्हापासून वीणाताईंनी कानाला खडा लावला होता. या माणसाचं बाकी सगळं चांगलं, आईच्या बाबतीत मात्र काळजाच्या जागी दगड आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि तो विषय काढणं सोडलं.

या एप्रिलमध्ये पुण्याहून भाच्याचा, यतीनचा फोन आला. त्याची आई आशा, डॉक्टरांची एकुलती एक बहीण, वय एक्क्याऐंशी. हृदय थकलंय. तिथल्या डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितलाय. बाकी काही मागत नाही, दादाला एकदा बघायचंय एवढंच म्हणते.

डॉक्टरांनी फोन कानाशी धरून सगळं ऐकलं. मग "माझा कान..." असं काहीतरी पुटपुटले आणि मागच्या दाराने टोमॅटोच्या रोपांकडे निघून गेले. वीणाताई मागोमाग गेल्या. आयुष्यात बोलल्या नव्हत्या ते त्या दिवशी बोलल्या. आईला असंच मरू दिलंत, आता बहिणीलाही द्या. डॉक्टर वाकून कुंडीत माती घालत राहिले, कुंडी भरून माती बाहेर सांडली तरी घालत राहिले. दोन दिवस घरात केटलखेरीज कुणाचा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी, डॉक्टर सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, ब्लड प्रेशर तपासायला गेले असताना, म्युझियमच्या बाईंचा फोन. सुरुवातीच्या जेटमधून या देशात आलेल्या लोकांचं एक प्रदर्शन लावतोय, डॉक्टरांचा जुना पासपोर्ट किंवा तिकीट मिळालं तर काचेत ठेवू. त्यांना विचारलं तर म्हणाले हरवलं. वीणाताईंना हसूच आलं. जॅमची रिकामी बाटली न टाकणारा माणूस पासपोर्ट हरवेल? बघते म्हणाल्या.

जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे, एक पत्र्याची पेटी होती. त्यात पेपरातलं ते कात्रण होतं, तारीख चौदा सप्टेंबर. फोटोतला कोवळा शशिधर बघून त्यांचा राग जरा निवळलासुद्धा. त्याखाली पासपोर्ट. त्यांनी पानं उलटली आणि इंग्लंडात शिरल्याचा शिक्का बघितला.

शिक्क्यावर हीथ्रो नव्हतं. टिलबरी होतं. तारीख अकरा ऑक्टोबर.

टिलबरी म्हणजे थेम्सच्या मुखावरचं बंदर. तिथे बोटी लागतात. विमान टिलबरीला उतरायचं तर पाण्यातच उतरावं लागेल. वीणाताईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मागच्या पानावर एडन बंदराचा शिक्का. त्यांनी कात्रण उचलून पासपोर्टाशेजारी धरलं.

चौदा सप्टेंबरला हार घालून निघालेला माणूस अकरा ऑक्टोबरला बोटीतून उतरतो. मधले चार आठवडे कुठे होता? बाईच्या मनात पहिलं काय यावं? तेच आलं. मुंबईत कुणी होती. लग्न झालेलं होतं की काय. मूलबाळ? म्हणूनच तिकडे पाऊल टाकत नाही. छप्पन्न वर्षं ज्याच्या चहात साखर घातली तो माणूस कोण आहे हेच आपल्याला माहीत नाही. ब्याऐंशीव्या वर्षी हे बघायचं राहिलं होतं.

डॉक्टर घरी आले तेव्हा पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर उघडा होता. त्यांनी तो पाहिला. कोट न काढता खुर्चीवर बसले.

"कोण होती ती?" वीणाताईंनी विचारलं.

डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की वीणाताईंना स्वतःचीच लाज वाटली. "कोणी नव्हतं," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो."

मग ते बोलत राहिले, टेबलाकडे बघून. बासष्टच्या जुलैत एका परदेशी कंपनीचं जेट मुंबईला उतरता उतरता जुन्नरच्या डोंगरावर आदळलं होतं. चौऱ्याण्णव माणसं. पुण्याच्या इस्पितळातून जे नवशिके डॉक्टर पाठवले त्यांत चोवीस वर्षांचा शशिधर होता. पाऊस, चिखल, वर चढून जायचं, आणि वाचवायला कुणीच नाही, फक्त गोळा करायचं. काय काय गोळा केलं ते त्यांनी सांगितलं नाही. एकच सांगितलं. एका माणसाची मूठ घट्ट मिटलेली होती, ती उघडली तर आत लिमलेटची गोळी, कागदासकट. विमान खाली येताना कान दुखू नयेत म्हणून गोळ्या वाटतात, त्यातली. म्हणजे त्याला मुंबई आलीच असं वाटत होतं.

वर्षाने स्वतः सांताक्रूझला गेले तेव्हा निभावून नेऊ असं वाटलं होतं. हार घेतले, नारळ घेतला, आईच्या पाया पडले, आत गेले. विमानाकडे जायच्या दारापाशी एक एअर होस्टेस हसत उभी होती. हातात तबक, तबकात गोळ्या.

पुढे पाय उचलला नाही. पोट बिघडलंय सांगून ते बाजूला झाले, विमान गेलं, मग मागच्या दाराने बाहेर. पण जायचं कुठे? हार घालून, पेढे वाटून, पेपरात फोटो छापून निरोप दिलेला मुलगा तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला तर आईने कुणाला तोंड दाखवायचं? वर्गमित्र अतुलच्या हॉस्टेलच्या खोलीत नऊ दिवस लपून काढले. अतुलनेच बोटीत जागा मिळवून दिली. बोटीवर बसून घरी नऊ पानी पत्र लिहिलं, विमानातले ढग, कैरोची कॉफी, सगळं कंपनीच्या माहितीपत्रकात बघून. लंडनला पोचल्यावर पोस्टात टाकलं.

"आणि मग ती थाप बंद करायची वेळच कधी आली नाही," डॉक्टर म्हणाले. "तुझ्याशीसुद्धा."

दुसरी बाई नाही म्हणून वीणाताईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच संताप आला. एका गोळीपायी? आई गेली, हा बागेत बसून राहिला, आणि मी सेहेचाळीस वर्षं याला दगड समजत आले? मग त्या रविवारच्या विमानांच्या गोष्टी आठवल्या. कुठला पत्रा कसा फाटला, कुणी काय शोधलं, आता का फाटत नाही. हा माणूस वीस वर्षं दुसऱ्यांना नव्हे, स्वतःलाच समजावत होता. त्यांनी डॉक्टरांच्या अंगावरचा कोट काढून घेतला. एवढंच म्हणाल्या, आशाताईंना हे तुम्ही स्वतः सांगायचं, ती बाई कानाचं कारण उराशी घेऊन जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे पुण्यात दुपारी, यतीनने व्हिडिओ कॉल लावून दिला. आशाताई उशांना टेकून, नाकात नळी. डॉक्टरांनी नमस्कार-चमत्कार न करता सगळं एका दमात सांगून टाकलं. डोंगर, गोळी, अतुलची खोली, बोट.

"दादा, मला माहितीये," आशाताई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. वीणाताईंना वाटलं, औषधांची गुंगी असेल. पण बाई टक्क शुद्धीत होती. एकेक वाक्य बोलून श्वास घेत तिने सांगितलं. सगळी माणसं विमानतळाच्या गॅलरीत उभी होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, नजर तीक्ष्ण. खालून शिडीकडे चाललेली माणसं ती एकेक करून बघत होती. सगळेच सुटातले, लांबून सारखे दिसणारे, लॉरीतली मंडळी ज्याला-त्याला दादा समजून हात हलवत होती. शिडी काढली, दार लागलं, आणि दादा आलाच नाही. तिने आईचा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, दादा गेला नाही.

"आई म्हणाली, मलाही दिसतंय. चूप, हात हलव."

विमान दिसेनासं होईपर्यंत आई हात हलवत राहिली. चौथ्या दिवशी तिनेच गल्लीत सांगितलं, तार आली, शशी सुखरूप पोचला. कसली तार नि काय. महिन्याने पत्र आलं तेव्हा ढगांची ती नऊ पानं तिने शेजारपाजाऱ्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ तिने आयुष्यभर उघडली नाही. जुन्नरहून परत आल्यावर मुलगा झोपेत ओरडायचा, ते तिने ऐकलेलं होतं.

"पण शेवटी तरी," डॉक्टर म्हणाले, "शेवटी तरी मला एकदा..."

"शेवटी आम्ही तार करायला निघालो होतो. तिने करू दिली नाही. म्हणाली, तो घाबरतो, त्याला बोलावू नका."

डॉक्टर दोन्ही हातांनी टेबल धरून बसले होते. पडद्यावर यतीन आईला पाणी पाजायला पुढे झाला, तिने त्याला हाताने बाजूला सारलं.

"दादा, आई मोठ्या मनाची होती. मी नाही. मी बोलावतेय तुला. ये."

एवढं बोलून तिला धाप लागली आणि यतीनने कॉल बंद केला.

आपल्या सासूला वीणाताईंनी कितीदा पाहिलं होतं, तिच्या हातचं खाल्लं होतं, नवऱ्याच्या वतीने तिची माफी मागितली होती, आणि प्रत्येक वेळी ती बाई शांतपणे म्हणाली होती, त्याच्या कानाला जप हो.

"सोळा वर्षं," डॉक्टर म्हणाले. "मला वाटत होतं मी तिला फसवतोय. ती मला सांभाळत होती." आणि ते रडले, सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, चष्मा न काढता, आवाज करून.

दुपारी वीणाताई लॅपटॉप घेऊन व्हिसाचा फॉर्म भरायला बसल्या. डॉक्टर शेजारी. टाइप त्याच करत होत्या. नाव, जन्मस्थान पुणे, आईचं नाव. मग एक प्रश्न आला, तो त्यांनी वाचून दाखवला. याआधी तुम्ही कधी भारताला भेट दिली आहे का?

डॉक्टरांनी चष्मा सारखा करून तो प्रश्न स्वतः पुन्हा वाचला.

"नाही लिही," ते म्हणाले.

वीणाताईंनी तिथे खूण केली आणि पुढचं पान उघडलं.