विनीची आंघोळ कुणाच्या खात्यात

इंग्लंडातल्या आमच्या हेदरशॉ गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात विनिफ्रेड टॅटरसॉलनं उभी हयात काढली. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी टब नव्हते. शनिवारी सगळे टॉवेल बगलेत मारून तिच्या दारी. नळाची चावी तिच्या कमरेला. कुणी जास्त पाणी मागितलं तर दारावर थाप मारून म्हणायची, "समुद्र पाहिजे तर ब्लॅकपूलला जा." शेजारच्या पोहण्याच्या तलावात अर्ध्या गावाला तिनंच पोहायला शिकवलं, बांबूनं टोचून टोचून.

आता तिची कंबर मोडलीय, पायाला जखम आहे, आणि तिला आंघोळ कुणी घालायची ते ठरत नाही. मी तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. मला सगळं ऐकू येतं, न येणारं मी जाऊन ऐकते.

म्हाताऱ्यांची देखभाल नगरपालिका कंपन्यांकडून विकत घेते, जी स्वस्तात करील तिच्याकडून. कंपनीची पोरगी सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटांसाठी येते. गोळ्या, टोस्ट, कपडे, की पळाली. आंघोळ त्यात बसत नाही. नगरपालिका म्हणते, जखम आहे, म्हणजे आंघोळ वैद्यकीय; आरोग्य खात्यानं घालावी. आरोग्य खातं म्हणतं, जखम आम्ही धुऊ, बाकीची बाई सामाजिक आहे, म्हणजे नगरपालिकेची.

शेवटी दोन्हीकडचे साहेब विनीच्या बैठकीच्या खोलीत आले. नगरपालिकेचा निगेल एन्टविसल, तोही तिच्याच तलावात पोहायला शिकलेला. आरोग्य खात्याची गिलियन. मी बिस्किटांचं निमित्त करून ठाण मांडलं. गुडघ्याखालचं आमचं, असं गिलियन म्हणाली, तशी विनी शांतपणे बोलली, "मग जाताना तेवढं घेऊन जा, पोरी. वरचं निगेल नेईल."

निगेलनं गोड आवाजात विचारलं, शेवटची आंघोळ कधी झाली? विनीला ते लागलं. उभा जन्म दुसऱ्यांना स्वच्छ ठेवलेली बाई ती. "रविवारी," ती ताठ होऊन म्हणाली. "ही शेजारीण आणि हिचा नवरा मला टबात उतरवतात. मी घाणेरडी नाही."

निगेलचा चेहरा असा उजळला, की मला बिस्किटं परत घ्यावीशी वाटली.

आठवड्यानं नगरपालिकेचा फोन आला. शेजारी आंघोळ घालतात, म्हणजे गरज भागलेली आहे. विकत घ्यायचं कारण नाही. आणि शेजारी आहेतच, तर पोरगीची संध्याकाळची खेपही बंद. मी विचारलं, "आणि तिला उचलून मोडलेली माझ्या नवऱ्याची पाठ कुठल्या खात्यात टाकलीत?"

रविवारी टब भरून तिला हाक मारली, तर ती खुर्चीतून हलेना.

"तू मला धुतलंस की त्यांचं काम झालं. सोड ते पाणी."

"विनी, अगं वास यायला लागेल."

"येऊ दे. आला पाहिजे."

आणि आला. मी खोटं कशाला बोलू. हट्ट तिचा, पण शिक्षाही तिलाच. मान खाली घालून बसायची, पोस्टमनलाही दार उघडायची नाही. माझा जीव जळायचा, आणि जे जळायला हवेत त्यांच्या अंगाला ऊबसुद्धा लागत नव्हती.

मग एके सकाळी, निगेल-गिलियनची बैठक होती त्या दिवशी, तिनं टॅक्सी मागवली आणि मलाही बरोबर घेतलं. नगरपालिकेच्या सभेच्या खोलीत हीटर जोरात, खिडक्या न उघडणाऱ्या. दोघं समोर. थोड्या वेळानं निगेलनं खुर्ची मागे सरकवली.

"सरकू नकोस," विनी म्हणाली. "पाण्यात घाबरलास तेव्हा माझ्या गळ्याला मिठी मारली होतीस. मी सरकले होते का?"

निगेलनं गिलियनकडे पाहिलं, गिलियननं निगेलकडे. तेव्हासुद्धा.

मी पिशवीतून साबण आणि टॉवेल काढून दोघांच्या बरोबर मधोमध ठेवले. विनीनं काठी टेबलाला टेकवली आणि सावकाश स्वेटरची बटणं सोडायला घेतली.